पाव मैलाच्या गाडीचं पॅराशूट

१२ जानेवारी, रविवार

ते पॅराशूट त्यानं केलेलं नाही. केलेलं निघालं तर मी दातांचं काम सोडून गणपत गल्लीत भाजी विकायला बसेन.

निपाणीहून येताना बसायला जागा मिळाली, पण डोकं जागेवर नव्हतं. संकेश्वर कधी गेलं ते कळलंच नाही. आज गटाची बैठक होती — दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, ज्योतिबा सरांच्या माडीवर. आम्ही सात जण आणि सातांनाही एकच वेड. पाव मैलाच्या सरळ रस्त्यावर शर्यतीत सुटणाऱ्या त्या लांब नाकाच्या ड्रॅग रेसच्या गाड्या, सोळापट लहान करून, शून्यातून बनवायच्या. विकतचा सुटा भाग एकसुद्धा नाही. दोरा, रंग, गोंद एवढंच बाहेरचं, बाकी सगळं आपल्या हातचं. हा सरांचा नियम. सर चित्रकलेचे शिक्षक होते, निवृत्त झाले तरी तपासणी सुटलेली नाही. खरी गाडी आमच्यापैकी एकानंही समोर पाहिलेली नाही, ही गोष्ट वेगळी.

साईराज सहा महिन्यांपूर्वी आला. सव्वीस-सत्तावीसचा असेल. निपाणीतच ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला आहे. त्याची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, चांगली आहे, इंजिन चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. गॅरेजचा हात आहे. पण पॅराशूट! या गाड्यांचा वेग नुसत्या ब्रेकनं आवरत नाही, म्हणून मागे पॅराशूट असतं. आम्ही सगळे ते घडी घालून पिशवीत बंद असलेलं दाखवतो, कारण एवढं बारीक कापड कुठं मिळत नाही. या पठ्ठ्यानं उघडून, फुगवून, तारेवर ताणून दाखवलं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, तळहाताएवढं.

मी दातांच्या लॅबमधलं भिंग नेहमी जवळ ठेवते. लावून बघितलं. लाल पट्टी पांढऱ्या पट्टीला शिवलेली नव्हती. लाल धाग्याचा फास पांढऱ्या धाग्याच्या फासात, असा एकेक धागा अडकवलेला. ही जोड मला पाठ आहे. साडीच्या अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, पदराच्या ताण्याला आमच्या आईनं मागावर चाळीस वर्षं असाच जोडला. आता आमच्या वडगावात हे येणाऱ्या चार-पाच बायका उरल्या असतील. आणि हे ट्रॅक्टरच्या मेकॅनिकला येतं म्हणे.

"कुणाकडनं करून घेतलास रं?" मी हसत विचारलं.

"मीच केलोय आक्का."

हे म्हणताना खाली बघत होता. खरं बोलणारा माणूस खाली कशाला बघेल?

मार्चमध्ये पुण्याच्या प्रदर्शनाला गटाची एकच गाडी जाते. गेली दोन वर्षं माझी गेली. यंदा सर त्याच्या गाडीसमोरून हलत नव्हते.

१३ जानेवारी, सोमवार

दिवसभर लॅबमध्ये कॅपा आणि कवळ्या. एका म्हाताऱ्याची कवळी तिसऱ्यांदा परत आली. टोचते म्हणतो. मला वाटतं त्याला कवळी नकोच आहे, सुनेला त्रास द्यायचा आहे.

काम संपल्यावर तासभर माझ्या गाडीचं. लॅबचे मालक काही बोलत नाहीत. इंजिन मी मेणात कोरलं आणि दाताची कॅप ओततात तसं धातूत ओतलं. चासी कवळीच्या तारेची. अंग कवळीच्याच मसाल्याचं, त्यामुळे रंग देईपर्यंत माझी गाडी हिरडीसारखी गुलाबी होती. हे सगळं माझ्या हातचं आहे, कुणीही येऊन बघावं.

अडलं ते पॅराशूटला. रुमाल कापून बघितला, ओढणी कापली, जुन्या साडीचं अस्तर कापलं. काहीही लावलं तरी गाडीमागं गोधडी वाळत घातल्यासारखं दिसायचं. म्हणून नोव्हेंबरात आईला म्हटलं, एवढं वीतभर विणून दे. नियमात बसत नाही, ठाऊक आहे. पण एका घरातले हात कोण वेगळे मोजतं? आई म्हणाली, "माझं हात गेलं गं आता. न्हाय व्हायचं ते."

सत्तर वर्षांच्या बाईला काय म्हणणार. मग मीही बंद पिशवीच केली. आत काय आहे ते कोण बघतंय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. लॅबला सुट्टी. आईला माझी सुट्टी आवडली नाही.

सकाळपासून तीनदा विचारलं, "लॅब न्हाय व्हय गं आज?" मग म्हणाली, "नीलमकडं जाऊन ये की. तीळगूळ दे. बस जरा, घाई करू नको." नीलम माझी मामेबहीण, खानापूरला असते. जाऊन यायला अर्धा दिवस मोडतो. मी घरात राहावं असं सणासुदीलासुद्धा वाटत नाही, म्हणजे काहीतरी आहे.

मी तीळगूळ दिला तर घेतला, पण माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघून "गोड बोल" म्हणाली. अकराच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल थांबली, घुटमळली, गेली. आईचा कान तिकडेच होता.

"कोण होतं?"

"मला काय ठाऊक."

खोटं बोलायला शिकायला वय लागत नाही म्हणायचं.

१७ जानेवारी, शुक्रवार

ट्रंकेत आईचं जुनं रेशीम आहे. माग काढून टाकला तेव्हाचं उरलेलं. लाल रीळ बघितलं तर टोक वेगळ्याच बाजूला खोचलेलं. आई नेहमी डावीकडे खोचते.

रीळ डब्यातून लॅबला नेलं. तिथला काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. ४१.३०. लिहून ठेवते. रात्री जागेवर परत.

२२ जानेवारी, बुधवार

४०.८६.

आज पुन्हा वजन केलं. पाच दिवसांत जवळजवळ अर्धा ग्रॅम गेला. अर्धा ग्रॅम म्हणजे काय, असं कुणी म्हणेल. त्या बारीक रेशमाचे अर्ध्या ग्रॅमात दीड-दोनशे हात निघतात. पालीनं तर नेले नाहीत.

आणि काल संध्याकाळी दोन कप धुऊन पालथे ठेवलेले होते. आई पेल्यातून चहा पिते. कप पाहुण्यांना.

म्हणजे मंगळवारी, मी लॅबला गेल्यावर, कुणीतरी येतं. आता एवढ्यावरून कुणालाही कळेल. ते पॅराशूट आमच्याच घरात झालं. लाल रंग बघितल्याबरोबर मला कळायला हवं होतं. आणि पॅराशूट झालं तरी तो अजून येतोय, म्हणजे पुढच्या गाडीचंही करून घेतोय.

२३ जानेवारी, गुरुवार

माझ्यासाठी हात गेले आणि त्याच्यासाठी परत आले.

२६ जानेवारी, रविवार

आज गाडीला शेवटचा रंग दिला. दीड वीत लांब, लालभडक, मेजावर मधोमध ठेवली. आंघोळ करून येते तर पुढच्या चाकावर पाण्याचा तांब्या! पुढची चाकं सायकलच्या चाकांसारखी असतात, बारीक तारांच्या आऱ्यांची. एका चाकाला छत्तीस. नऊ दिवसांचं काम चेपून पापड झालं.

आई म्हणाली, "दिसलं न्हाय गं."

दिसली नाही म्हणे. मेजावर दुसरी वस्तू नव्हती. मी तिला खूप बोलले. तिनं उलटून एक शब्द काढला नाही. तिचा स्वभाव तसा नाही, आणि ज्याच्या मनात पाप असतं तोच गप्प राहतो. त्याची गाडी पुण्याला जावी म्हणून आई असं करेल का, हा विचारसुद्धा मनात आला. लिहिताना लाज वाटते, पण आला हे खरं आहे.

३० जानेवारी, गुरुवार

चाक पुन्हा केलं. या वेळी पाच दिवसांत झालं. गाडी आता लॅबच्या कपाटात, कुलपात.

४ फेब्रुवारी, मंगळवार

अर्धी रजा काढली. घरी गेले नाही. समोरच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये उभी राहिले. तिथल्या यल्लव्वाला सांगितलं, मीटरवाल्याची वाट बघते आहे. खडखडाटात तिला किती ऐकू आलं कोण जाणे, तिनं मान हलवली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मोटारसायकल. साईराजच. खांद्याला पिशवी. दार न वाजवता, "आज्जी" अशी हाक मारून आत गेला. आमच्या घरात. सव्वा तास मी कापसाची धूळ खात उभी.

साडेबाराला दोघं दारात आली. आईनं त्याचं मनगट धरलं होतं. उंबऱ्यापर्यंत तशीच आली, काहीतरी बोलून हसली. आई हसते तेव्हा पदर तोंडावर धरते. कितीतरी दिवसांनी बघितलं. माझं मनगट तिनं शेवटचं कधी धरलं होतं ते मला उभ्या उभ्या आठवेना. मला रडू आलं, मग राग आला. राग बरा.

घरी काही विचारलं नाही. विचारलं तर दोघं सावध होतील. सरांना फोन केला. म्हटलं, सर, पुण्याला गाडी पाठवायच्या आधी प्रत्येकानं आपल्या गाडीतला एक भाग सगळ्यांसमोर करून दाखवावा. कुणाच्या मनात किंतु नको. सर म्हणाले, "चांगलं हाय. पण राजेश्वरी, नियम सगळ्यांना लागू व्हईल, बरं का."

मी म्हटलं, अर्थात.

८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या.

९ फेब्रुवारी, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

पहिल्यांदा भावकू बसला. तो तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस आहे, पण डाग देऊन धातू जोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्यानं चासीचा सांधा करून दाखवला. मग सरांनी साईराजला बोलावलं. मी म्हटलं, "इंजिन नको, पॅराशूटची जोड दाखव."

त्यानं पिशवीतून एक चौकट काढली. छत्रीच्या काड्यांची, पुस्तकाएवढी. एका बाजूला लाल धागे ताणलेले, एका बाजूला पांढरे. मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. फासात फास, ओढ, पुढचा. फासात फास, ओढ, पुढचा. मी मोजत होते, बारा धागे जोडले. भिंग लावून बघितलं. एकही सैल नव्हता. आईचीच जोड होती, पण बोटं त्याची होती.

मला गप्प बसता आलं असतं. "डोळे कशाला मिटलास?" मी म्हटलं. "नाटक करायला?"

"आज्जी असंच शिकिवल्यात. बघत बसलं की बोट चुकतंय, म्हणत्यात."

"कुठली आज्जी?"

त्यानं आधी सरांकडे बघितलं. "तुमची आई, आक्का. वडगावात विणकर हुडकत आलतो. लोकांनी यशोदाबाईंचं घर दाखवलं. तुमचं घर ते मागनं कळलं. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या, म्हणून बोललो न्हाय. आठ महिनं झालं, दर मंगळवारी येतोय. पॅराशूट झालं, आता पदर शिकालोय."

सर म्हणाले, धागा आज्जींचा असला तरी चालतो, हात याचा आहे. मग माझ्याकडे वळले. "आता तुझं पॅराशूट बघू."

"बंद पिशवी आहे सर."

"उघडू की."

चिमटा त्यांनीच हातात घेतला. पिशवीतून दाढेखाली ठेवतात ती कापसाची गुंडाळी निघाली. मेजावर पडली, जरा फुगली. कोणी हसलं नाही. भावकू खिडकीबाहेर बघायला लागला. हसले असते तर बरं झालं असतं.

साईराजची गाडी पुण्याला जाणार.

घरी आले ती चप्पल न काढता आत. आई वाटाणे सोलत होती. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. चोरून परक्याला घरात घेतेस, पोटच्या पोरीला नाही म्हणतेस, असं बरंच.

आईचे हात थांबले नाहीत. "तू करून दे म्हणालीस. त्यो शिकवा म्हणाला."

"हात गेलेत म्हणालीस ना मला?"

"करायचं गेल्यात. सांगायचं हाईत की अजून."

"मग मला कधी शिकवलं नाहीस?"

"बसवलती की तुला, आठ वर्साची असताना. धागं मोजून मलाच दाखवालतीस, कुठं चुकलं माझं ते." मग म्हणाली, "बरोबर असायचं तुझं. म्हणून मग बसवली न्हाय."

जेवले नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार



वाटाण्यांत एक किडका दाणा शिजला होता. ताटात बाजूला काढून ठेवला, तिला दिसेल असा. तिनं लक्ष दिलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रजा काढून घरीच थांबले. येतो का बघू म्हटलं. आला. मी गल्लीतच गाठला.

मला वाटलं तो टाळेल, निदान तोरा दाखवेल. गाडी स्टँडला लावून समोर उभा राहिला. "आक्का, रागवा मला, पण एक ऐका. आज्जींना डोळ्यांच्या दवाखान्यात न्या. मी नेतो म्हणून दोन डाव म्हणालो. नगं, लेक नेईल म्हणत्यात."

"का? काय झालंय तिला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. थट्टा करते आहे असं त्याला वाटलं असावं. मग हळू म्हणाला, "पयल्याच दिवशी मला कळलतं आक्का. चहा ओतताना कपात बोट घालून बघाल्या हुत्या, किती भरला ते. चटका बसला तरी बोट काढंनात."

मी त्याला तिथंच सोडून घरात गेले. आई स्वयंपाकघरात खिडकीकडे तोंड करून बसली होती. उजेड तोंडावर. मी दारात उभी राहिले, चार पावलांवर, काही न बोलता. श्वास जोरात चालला होता माझा.

आई वळली. अगदी माझ्याकडे वळली.

"साईराज? आलास व्हय रं?"



१३ फेब्रुवारी, गुरुवार

काचबिंदू. उजवा डोळा पूर्ण गेला आहे. डाव्यातून नळीतून बघितल्यासारखं मधलं थोडं दिसतं. औषधानं तेवढं टिकलं तर टिकेल, गेलेलं परत येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन-तीन वर्षं तरी हे चालू असणार. मग चष्मा काढून विचारलं, "एवढे दिवस घरात कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

मी तोंड उघडलं. मी बोलायच्या आधीच आई म्हणाली, "घरात कोण असतंय ओ. मी एकटीच की."

मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले होते.